तेल जुनं नव्हतं

लवू शिवडीच्या गोदामात धान्याच्या गोण्या वाहायचा. पाठीवर घेतलेली गोण थप्पीला लागेपर्यंत खाली टेकवायची नाही, हा त्याचा नेम. वाटेत टेकणाऱ्याला तो माणसांत धरत नसे.

छप्पन साली परळच्या त्यांच्या चाळीतून संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहाची तुकडी निघायची ठरली, तेव्हा पहिलं नाव त्यानेच दिलं. किती दिवस आत काढावे लागतील कोण जाणे, म्हणून निघायच्या सकाळी त्याच्या बायकोने, शेवंतीने, कोंबडीवडे केले. लवूचा त्यांवर भारी जीव. कोंबडी शेजारच्या गंगुबाईने दिली. तेल लवूने स्वतः आदल्या संध्याकाळी वाण्याकडून आणलं.

शेवंती पहाटे उठली. भाजलेलं कांदाखोबरं पाट्यावर गंधासारखं वाटलं. एकेक वडा केळीच्या पानावर थापून तेलात सोडला. जो फुगला नाही तो आपल्यासाठी बाजूला ठेवला. चाळीत कुणाकडे लग्न असो की देवकार्य, वडे तळायला तिलाच बोलावणं यायचं, ते उगाच नव्हे.

लवूने नऊ खाल्ले. तुकडीतला जोडीदार सीताराम सहावर थांबला.

"खा रे मेल्या," गंगुबाई म्हणाली, "तुरुंगात काय गावतलां?"

बायकांनी ओवाळलं. फोर्टात पोचून त्यांनी घोषणा दिल्या, पोलिसांनी धरलं, लॉरीत चढवायला सुरुवात केली. पुढच्या एकाच्या पायावर काठी बसली. तो कळवळला. लवूने पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

"साहेब, पोटात कळ आलीय," तो फौजदाराला म्हणाला. "सकाळचं खाणं बाधलं."

"चल, हट बाजूला."

सीताराम लॉरीतून बघत होता. लवू परळपर्यंत चालत आला.

चाळीच्या जिन्यातच गंगुबाईने गाठलं. मागे शेवंती येऊन उभी राहिली. लवूने फौजदाराला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. दुसरं तोंडातून निघेना.

"काय गो शेवंते, तेल जुनां होतां?" गंगुबाईने विचारलं.

शेवंतीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"होय," ती म्हणाली. "जुनांच होतां."

घरात गेल्यावर तिने त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. सीताराम तीन आठवड्यांनी सुटून आला. तोही काही बोलला नाही. पण शेवंतीला तळणाला बोलावणं येईनासं झालं. लवूला हे दिसत होतं. उद्या सांगू, परवा सांगू, करता करता चार महिने गेले.

मग गंगुबाईच्या मुलीचं, कमलचं, लग्न आलं. चौकात चूल पेटली. वडे तळायला चिंचपोकळीहून एक बाई आणली होती. शेवंती आपल्या दारात बसून दुसऱ्याच्या हातचे वडे कढईत पडताना बघत होती. चारांतले तीन चपटे निघत होते.

लवू चौकात उतरला.

"गंगुबाई, तेल जुनं नव्हतं. माझं पोटही दुखलं नव्हतं. लॉरीत चढायला मी भ्यालो."

सीताराम म्हणाला, "नऊ वड्यांचं बळ कुठं गेलं रे?" दोघेतिघे हसले. लवूने ते ऐकून घेतलं.

गंगुबाई तडक शेवंतीकडे गेली. "चल गो बाय, चुकलां माझां."

शेवंती उठली. लवूच्या जवळून जाताना थांबली.

"चाळीसमोर माका खोटी पाडलात," ती हळू म्हणाली. "आधी माका सांगूचां होतां. घरात."

हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

तिने तीनशे वडे तळले, सगळे फुगलेले. पंगतीत वाढायलाही तीच होती. लवूच्या पानात दोन टाकले आणि पुढच्या पानाकडे वळली.

घरी त्याच्यासाठी तिने कोंबडीवडे पुन्हा केले नाहीत. लवूनेही कधी मागितले नाहीत.