उरलेलं बाळंतपण

आमच्याकडं नवरा बायकोला नांदवतो. बायकोनं नवऱ्याची हमी घेतल्याचं मी तरी कुठं ऐकलं नव्हतं. पण मी सातवी पास, मी सरकारला लिहून दिलं होतं की हा माणूस माझा नवरा आहे, माझ्याजवळ राहतो, ह्याच्या राहण्याची, खाण्याची, वागण्याची जबाबदारी माझी. खाली सही. सही एवढ्या घाईत केली की आडनाव रेघेच्या खाली उतरून गेलं, आणि लिहून देणारा वकील बोलला, "बाई, दम घ्या, फाशीचा कागद नाय हा."

नवरा मॉरिशसचा. त्याच्या पणज्याला कधीतरी कोकणातून ऊस तोडायला जहाजात घालून नेलं, तो तिकडंच राहिला. कोकणातलं गाव कुठलं, ते घरात कुणाला ठाऊक नाय. हा कल्याणला कॉलेज शिकायला आला, माझा चुलतभाऊ त्याच्या वर्गात, त्यानं त्याला गणपतीला आमच्या वैशाखऱ्याला आणला. परदेशी पाव्हणा आलाय म्हणून अर्धा गाव अंगणात. लोकांना वाटलं गोरा असेल. बघतात तर आमच्याच रंगाचा, आणि वर मराठी बोलतो, तीपण शाळेच्या पुस्तकातली.

माझी काकी तोंडाची फटकळ. ती सगळ्यांसमोर बोलली, "ह्यो कसला गो परदेशी? ह्याला भात लावायला चिखलात उभा केला तर कोण ओळखायचा नाय."

तो हात जोडून बोलला, "मला भात लावता येत नाही काकी, पण आपण शिकवाल तर मी अवश्य शिकेन."

'अवश्य' ऐकून मी आत पळाले, हसू आवरंना म्हणून. पुढच्या वर्षी त्याच अंगणात आमचं लग्न लागलं, मग रजिस्टर लग्नपण झालं. शहापूरला चाळीत खोली घेतली, आसनगावहून गाडी पकडून त्याला कॉलेजला जायला बरं.

मग त्याचं शिक्षण संपलं. शिकायला म्हणून हितं राहायची परवानगी होती, तीपण संपायला आली. हे मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, लग्न झालं म्हणजे माणूस आपला झाला, आता त्याला कोण कशाला विचारतंय. तर नाय. बायको हितली असली तर तो राहू शकतो, पण बायकोनं अर्ज करायचा, हमी द्यायची, मग पोलीस घरी येऊन बघणार की खरोखर नवराबायको आहेत का, एकत्र राहतात का. ते बसलं तर वर्षाची परवानगी. नाय बसलं तर त्यानं जायचं. माझा पासपोर्ट नव्हता, पोटातल्या पोराचा कुठला असणार. म्हणजे तो तिकडं आणि आमी हितं.

अर्ज ठाण्याच्या ऑफिसात देऊन आलो तेव्हा मला सहावा होता. तीन आठवडे रोज दाराकडं बघत बसले, पोलीस येतात का. नाय आले. सातवा लागला आणि आई मला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय असतं? मी चार लुगडी घेतली, एस्टीत बसले, वैशाखऱ्याला आले. पोलिसांचं डोक्यात आलंच नाय. त्याच्यापण नाय. तो शिकलेला, पण त्याला वाटलं ही सांगते म्हणजे हितली रीत असेल, रीत मोडू नये.

मुलगी झाली. गावात मळण्या चालल्या होत्या, सगळी माणसं खळ्यावर. मी आतल्या खोलीत खाटेवर, खाली शेगडी, कानाला फडकं गच्च बांधलेलं. एका सकाळी बाहेर पुरुषमाणसाचा आवाज आला. फडक्यामुळं त्याचं बोलणं कळलं नाय, पण काकीचं कळलं, काकीचं आख्ख्या आळीला कळतं.

"जावई? हितं? जावई काय सासरवाडीला राहतो का? आमच्यात घरजावई ठेवायची पद्धत नाय, सांगून ठेवते. पोर झाल्यापासून एकदा आला, पोरीचं तोंड बघितलं, चाय घेतला न् गेला. आमचा काय संबंध नाय त्याच्याशी."

मला तर बरं वाटलं. मनात बोलले, काकीनं कशी इज्जत राखली. नंतर तिनं आत येऊन सांगितलं, "पोलिसातला मानूस व्हता. मला वाटलं जावयानं कुठं काय उपद्व्याप केला का काय, म्हणून मी पयलंच हात झटकले."

तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाय. बाळंतिणीचं डोकं नुसतं धुरीनं भरलेलं असतं.

नवरा रविवारी यायचा म्हणाला होता. तो आला बुधवारी. दुपारी. मी त्याचा आवाज ऐकला आणि माझं दूधच आटलं असं वाटलं, कारण बुधवारी तो कशाला येईल? दारात उभा राहिला, चपला काढायचं विसरला.

"ते म्हणतात की आपण एकत्र राहत नाही," तो बोलला.

"कोण म्हणतं?"

"अहवाल. पोलिसांचा."

मग सगळं बाहेर आलं. आधी पोलीस शहापूरला चाळीत गेला. त्यानं विचारलं, हितं परदेशी माणूस राहतो का. घरमालकीण बोलली, नाय बा, हितं कोण परदेशी नाय. मग तिला आठवलं, "ते होय, ते आमचे मॉरिशसवाले! राहतात की, एकटेच राहतात." बायको? "बायको नाय हितं. तीन महिने झाले, आईकडं गेली." खरंच तर बोलली बिचारी. तिथून वैशाखऱ्याचा पत्ता काढला, आणि हितं काकी. त्यानं ते तसंच लिहिलं: नवराबायको वेगळे राहतात, जावयाशी सासरच्यांचा संबंध नाय.

"मग आता?" मी विचारलं.

"आठ दिवसांत तू स्वतः ठाण्याच्या ऑफिसात यायचं, कागद घेऊन. नाही तर..." आणि तो पोरीकडं बघायला लागला.

मुलगी एकोणीस दिवसांची. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. आई खळ्यावरून आली, तिला सांगितलं, ती आधी काकीवर ओरडली, मग माझ्यावर, मग नवऱ्याला बोलली, "तुमी त्यांना सांगा ना, बाळंतीण आहे म्हणून. पोलीस असला तरी आईच्याच पोटातून आला ना!"

"मी सांगितले. ते म्हणतात, तिनेच सांगायला हवे," तो बोलला.

काकी कोपऱ्यात बसली होती. मग एकदम उठली आणि पोरीची दुपटी पिशवीत भरायला लागली. "मी घातलंय, मीच निस्तरीन," बोलली. "चल गो. मी येते संगं."

आईनं पोरीच्या उशाखालचा विळापण पिशवीत टाकला. आमच्यात बाळाजवळ लोखंड ठेवतात. मी बोलले, "आये, पोलिसांच्या ऑफिसात विळा घेऊन जाऊ?" ती थबकली. मग कुठून तरी एक खिळा शोधून आणला न् दुपट्याच्या टोकाला बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळशेजवरून येणारी कल्याणची एस्टी हात दाखवून थांबवली. मला कंडक्टरनं पुढची जागा दिली. मुरबाडपर्यंत मी फक्त एकच गोष्ट घोकत होते, काय बोलायचं, काय बोलायचं, आणि मुरबाड गेलं की परत पहिल्यापासून. कल्याणला गाडी बदलली. ठाण्याला पोचलो.

ऑफिसात साहेब होते, एक बाई टाइप करत होत्या, आणि भिंतीला लागून कपाटंच कपाटं. मी कानाला फडकं बांधलेली, मोजे घातलेली, हातात पोर, मागं काकी पिशवी घेऊन. साहेबांनी आमच्या मागं बघितलं.

"मिस्टर कुठायत? परदेशी?"

नवरा माझ्या शेजारीच उभा होता. "मीच तो," तो बोलला.

साहेबांनी पासपोर्टातला फोटो बघितला, त्याला बघितलं, परत फोटो. मग मला विचारलं, "तुमी राहता कुठं?"

"शहापूर."

"मग वैशाखऱ्याला काय?"

"वैशाखरे माहेर."

"म्हणजे माहेरी राहता."

"नाय साहेब, राहते शहापूरला, पण हाय वैशाखऱ्याला, म्हणजे गेले सातव्यात, मग ही झाली, आता सव्वा महिना झाला की... म्हणजे तिसऱ्या महिन्यात परत..." माझा श्वासच संपला. घोकलेलं सगळं मुरबाडलाच राहिलं होतं. पोर रडायला लागली.

टाइप करणाऱ्या बाईंनी हात थांबवला. "साहेब, पहिलटकरीण आहे ती. माझ्या पहिल्या वेळेला मी पाच महिने माहेरी होते. माझी पण चौकशी लावा मग."

"तुमच्या मिस्टरांना परवानगी लागत नाय," साहेब बोलले, पण गालात हसले. मग कागदावर बोट ठेवलं. "हे बघा बाई, मला कळतं. माझ्या घरी पण हेच आहे. पण ह्या कागदावर लिहिलंय, संबंध नाय. मी कागद कसा खोडू?"

"ते मी बोलले," मागून काकी. "खोटं बोलले. म्हंजे खरं बोलले, पण मला म्हाईत नव्हतं तुमी कशाला इचारता. घरजावई नाय म्हंजे नवरा नाय असं व्हतं का, साहेब?"

साहेबांनी मला कोरा कागद दिला. तुमच्या हातानं लिहा, बोलले, जसं असेल तसं. मग चौकशीला परत पाठवतो.

सातवीनंतर मी किराणाच्या यादीशिवाय काय लिहिलं नव्हतं. पोर नवऱ्याकडं दिली. त्यानं तिला त्याआधी एकदाच घेतलं होतं, तेपण आईनं खालून हात धरून. तो भिंतीला पाठ टेकून उभा राहिला, जरापण हलंना. मी लिहिलं: आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडं करतात. म्हणून मी गेले. नवऱ्याला सोडून गेले नाय. त्याचे कपडे, त्याची पुस्तकं, माझी भांडी सगळी शहापूरला एकाच खोलीत आहेत. तो गेला तर ही पोर बापाला कधी बघणार मला माहीत नाय. मी हमी दिली होती, ती अजून देते.

साहेबांनी वाचलं. फायलीत लावलं, टाचणी टोचली. "पोलीस येईल तेव्हा मात्र घरी असा," एवढंच.

म्हणजे परत माहेरी जायचं नाय. तिथूनच सरळ शहापूरला गेलो, विसाव्या दिवशी, बाळंतिणीला. काकी रीतसर राहायला आली. शेगडी पेटवली, चाळीत धूर केला, घरमालकिणीला बसवून सगळं समजावलं, शेजारणींनापण समजावलं, दूधवाल्यालापण. "कोण आला इचारायला तर काय सांगायचं? दोघं हितंच राहतात!" आख्ख्या चाळीला पाठ झालं. पोलीस काय येईना. प्रत्येक सायकलच्या घंटीला मी खाटेवर उठून बसायचे. नवऱ्याला रोज बोलायचे, आज नाय ना कुठं जात? तो बोलायचा, "मी कोठेही जात नाही." मला ते दोन्ही अर्थांनी ऐकायचं असायचं.

आठव्या दिवशी आला. तोच माणूस. काकीनं त्याला लांबून ओळखला न् तिचा पदर डोक्यावर गेला.

"यावा, यावा. राहतात, दोघं हितंच राहतात! ह्या बघा त्याच्या चपला. ह्या तिच्या. हे त्याचं दाढीचं सामान. ही फणी दोघांची..."

"मावशी, थांबा जरा," तो बोलला. "मागच्या वेळी एवढं का नाय बोललात?"

"मागच्या वेळी तुमी चाय कुठं घेतलात?"

तो हसला, खाटेवर टेकला, मला बघितलं, पोरीला बघितलं. वही काढली. "आणि ते परदेशी कुठायत?"

काकीनं खिडकीतून हात केला. बाहेर सामायिक नळावर माझा नवरा उकिडवा बसून पोरीची दुपटी धूत होता. शेजारच्या दोन बायका त्याला शिकवत होत्या, अहो पिळा ना जोरात, पुस्तक नाय ते. त्यानं लेंगा गुडघ्यापर्यंत वर केलेला, हाताला साबण.

पोलीस खिडकीत येऊन उभा राहिला. "माझ्या बापजन्मात मी एक दुपटं धुतलं नाय," बोलला. मग वहीत लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं, एकत्र राहतात. चहा घेतला, दोन कप.

परवानगीचा शिक्का पंधरवड्यानं मिळाला. नवरा ठाण्याहून आला, पासपोर्टाचं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. मला इंग्रजी वाचता येत नाय, पण निळा शिक्का होता, खाली सही होती, ती रेघेवर सरळ होती. मी त्याच्यावरून बोट फिरवलं. मी भिंतीला टेकून तशीच झोपले. काकीनं सांगितलं, पोर रडली तरी उठले नाय, त्यानंच घेतली.

उठले तेव्हा काकी पिशवी भरत होती.

"आता कुठं?" मी विचारलं.

"कुठं म्हंजे? माहेरी. सव्वा महिना झाला म्हणून काय बाळंतपण झालं का? तुझ्या आईनं मेथीचे लाडू करून ठेवलेत, तसेच पडून आहेत."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो बोलला, "अवश्य जा."

दुसऱ्या दिवशी शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून वैशाखरे. उरलेलं बाळंतपण करायला गेले, चांगले दोन महिने. तो दर रविवारी यायचा. काकी अंगणात त्याला खाट टाकून द्यायची, आणि रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना, कुणी विचारलेलं नसताना, ओरडून सांगायची, "आमचा जावई हाय! राहायला नाय, भेटायला आलाय! राहतो शहापूरला, बायकोसंगं!"