तिसरा घोडा धरणारी

जागृती मेश्राम अमेरिकेत, साउथ डकोटातल्या लाकोटा या अमेरिकन इंडियन लोकांच्या रिझर्वेशनवर, म्हणजे त्यांच्या राखीव प्रदेशात, गणित शिकवायला आली, तेव्हा ती घोड्यांना घाबरायची. कुत्र्यांनाही घाबरायची, पण कुत्र्यांपासून गाडीत बसून सुटका तरी होते. घोडे तिथे कुठेही उभे असायचे. शाळेच्या मैदानाकडेला, पेट्रोल पंपामागे, कधी भर रस्त्यात.

ती नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेली. परदेशी शिक्षक बोलावणाऱ्या एका योजनेतून तिला ही नोकरी मिळाली होती. तिच्याबरोबरचे बाकीचे अ‍ॅशबर्नला, नाहीतर शिकागोच्या आसपास, जिथे भारतीय दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर. अ‍ॅशबर्नहून तिची मैत्रीण प्रणिता फोनवर विचारायची, "यार, तिथे इंडियन ग्रोसरी तरी आहे का?"

"इंडियन आहेत," जागृती म्हणायची. "ग्रोसरी नाही."

पहिल्याच हिवाळ्यात तिची गाडी बर्फावरून घसरली आणि कडेच्या चरात जाऊन बसली. फोनला रेंज नव्हती. थोड्या वेळानं मागून जळाऊ लाकडांनी भरलेला एक पिकअप आला. त्यातून पांढऱ्या दोन वेण्या घातलेल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई उतरल्या. त्यांनी साखळी लावून गाडी बाहेर ओढली आणि विचारलं, "तूच ना ती नवी गणिताची बाई? मग चल माझ्याबरोबर. ही लाकडं उतरवायचीत."

त्या डार्लीन. ती दुपार जागृतीनं म्हाताऱ्या माणसांच्या दारात लाकडं रचण्यात घालवली. प्रत्येक घरात कॉफी झाली. परतताना तिचे हात दुखत होते आणि आल्यापासून पहिल्यांदाच तिला आपण कुठेतरी आलो आहोत असं वाटलं.

डार्लीननं आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर तिनं घराच्या गॅरेजात मुलांसाठी संध्याकाळचं गरम जेवण सुरू केलं. मग आजी-आजोबांना लाकडं पोचवणं आलं, मग अभ्यासाची खोली, मग मुलांना बसायला शिकवण्यासाठी घोडे. संस्थेची रीतसर नोंदणी झाली, तिला नावही आहे, पण ते कुणी घेत नाही. पोरगी कुठाय? डार्लीनकडे. खुर्च्या कुठे मिळतील? डार्लीनकडे. काम करणारी सगळी माणसं तिथलीच, शेजारपाजारची.

जागृतीला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. इंदोऱ्यातल्या विहारात वंदना झाली की वस्तीतली कॉलेजात जाणारी मुलं लहानांचा अभ्यास घ्यायची, आणि त्या लहानांत ती स्वतः होती. शाळा सुटली की ती डार्लीनकडे जाऊ लागली. समाजसेवा वगैरे तिच्या मनात नव्हतं. घरी एकटीसाठी भाजी फोडणीला टाकायचा कंटाळा यायचा, आणि डार्लीनचं मक्याचं सूप फार चांगलं असायचं.

मुलं डार्लीनला उन्ची म्हणत, म्हणजे आजी. जागृतीला काय म्हणायचं हा प्रश्न निघाला तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे आईच्या बहिणीला मावशी म्हणतात."

"आमच्याकडे आईची बहीण म्हणजे आईच," डार्लीन म्हणाली. "तिला शब्दही तोच."

मग जागृतीनं तिला 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण इंग्रजीत करून सांगितली. डार्लीन इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तेव्हापासून तिथं सगळ्यांची जागृती मावशी झाली.

शायला ही डार्लीनची नात, अकरावीतली. वर्गात तोंड उघडायची नाही. उत्तर बरोबर असलं तरी वहीवर हात ठेवून ते झाकून घ्यायची. पण घोड्यावर बसली की मुलगी वेगळीच. डार्लीनकडच्या घोड्यांत बिस्किट नावाचा एक पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांचा घोडा होता. तो पळायला सगळ्यांत तेज, पण एका जागी म्हणून उभा राहायचा नाही.

"मावशी, कुंपणाच्या आत या," शायला म्हणायची.

"इथूनच छान दिसतो."

शेवटी मुलींनी तिच्या हातात ब्रश देऊन तिला आत ढकललंच. घाबरून जागृती घोड्याशी मराठीत बोलू लागली. शाळेतल्या मीटिंगा, घरमालकाचा हीटर, आईनं सुचवलेली स्थळं, सगळं तिनं त्याला सांगितलं. बिस्किट कान वळवून ऐकत राहिला. त्या वसंतात ती रोजच त्याला ब्रश करायला लागली.

उन्हाळ्यात जत्रेत घोड्यांची रिले होती. स्वार एकच, घोडे तीन. प्रत्येक फेरीनंतर चालत्या घोड्यावरून उडी मारायची आणि दुसऱ्याच्या उघड्या पाठीवर झेप घ्यायची, खोगीर नाही. पुढचे घोडे खाली कुणीतरी धरून उभं राहायचं. डार्लीनकडच्या मुलींचा संघ पहिल्यांदाच उतरणार होता आणि आदल्या दिवशी तिसरा घोडा धरणाऱ्या मुलीचं मनगट मुरगळलं.

"मावशी धरतील," शायला म्हणाली.

"मावशी नाही धरणार," जागृती म्हणाली.

"बिस्किट दुसऱ्या कुणाजवळ उभा राहत नाही." मग जरा थांबून शायला म्हणाली, "तुम्ही मला फळ्यापाशी बोलावता तेव्हा मलाही असंच वाटतं. तरी मी येते ना?"

"लगाम कुठून धरायचा?" जागृतीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर धूळ, ढोल, लाउडस्पीकर. संघाच्या लाल शर्टात, दोन्ही हातांनी लगाम धरून जागृती उभी राहिली. शर्यत सुटली तशी जमीन हादरली. बिस्किटनं मान झटकली, मागचे पाय आपटले, तिला दोन पावलं ओढत नेलं. त्याला सांगण्यासारखं तिला काहीच आठवेना. मग जे पाठ होतं तेच तोंडातून निघालं.

"बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा."

बिस्किटनं कान वळवला. बे झाले, तीन झाले, चाराचा पाढा निम्मा झाला. शायलाची पहिली फेरी संपली, दुसऱ्या घोड्यावरची झेप नीट पडली. शेजारच्या संघाचा घोडा हातातून सुटून पळाला, माणसं ओरडली. जागृती पाढे म्हणतच राहिली, फक्त आवाज वाढला. साताचा पाढा चालू असताना धुळीतून शायला आली, उडी मारली, तीन ढांगा टाकल्या आणि बिस्किटच्या पाठीवर. जागृतीनं लगाम सोडला आणि तोल जाऊन मातीत बसली. शर्यतीचा शेवट तिनं बसूनच पाहिला. शायला एका मानेनं मागे राहून दुसरी आली.

दुसरी आली, पण डार्लीनकडच्या लोकांनी पहिली आल्यासारखा गलका केला. शायलाला बक्षीस म्हणून मिळालेली शाल तिनं तिथल्या तिथे मनगट मुरगळलेल्या मुलीच्या खांद्यावर घातली. लाउडस्पीकरवर निवेदक प्रत्येकीचं नाव घेत होता. मेश्राम त्याला काही केल्या जमेना, तेव्हा गर्दीतल्या पोरांनीच त्याला ओरडून सांगितलं, "मावशी!" आणि त्यानं तेच जाहीर केलं. संध्याकाळी सगळ्यांचं जेवण झालं, बेरीचा गोड रस्सा झाला, मग ढोलाभोवती गोल धरून नाच. जागृतीची पावलं चुकत होती. डार्लीन म्हणाली, "चुकू दे, थांबू नको."

पुढच्या वर्षी जागृतीनं मुदत वाढवून घेतली. शायला आता अभ्यासाच्या खोलीत लहान मुलांना अपूर्णांक शिकवते आणि चांगलीच रागावतेसुद्धा.

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून आईचा फोन आला होता. जागृतीनं प्रणिताला धाडलेला शर्यतीचा व्हिडिओ प्रणितानं पुढे आईला पाठवला होता.

"तू घोडा पकडून राहिली होती का? गणित शिकवाले गेली होती ना तू?"

"गणितच शिकवलं, आई. घोड्याला."

पलीकडे आईनं व्हिडिओ पुन्हा लावला. मग म्हणाली, "त्या पोरीचा अन् घोड्याचा एक चांगला फोटो धाड. मोहल्ल्यात दाखवतो."