अंगणातली होडी आणि खाऱ्या विहिरीचं पाणी

अंबडच्या मत्स्योदरी देवीपुढे मी आजवर हात जोडूनच उभी राहिले आहे. पण त्या रविवारी मी पायऱ्या चढले ती तिच्याशी भांडायला. मनात श्रद्धा कमी आणि संताप जास्त होता, हे आधीच कबूल करते. ज्या बाईनं स्वतः खोटं बोलून घोळ घातला, ती देवीला जाब विचारायला निघाली होती. हसू येईल, पण तसंच घडलं.

आमचं घर नवीन जालन्यात आहे. बाजूच्या मोकळ्या जागेत पत्र्याखाली नऊ वर्षं एक होडी उभी होती. मासे धरायची नव्हे, शर्यतीची, शिडाची, अख्खी लाकडी, वीस फूट लांब. माझे यजमान मुंबईला होड्यांच्या कारखान्यात सुतार होते. नोकरी संपली तेव्हा लोक घड्याळ घेऊन घरी येतात, हे भंगारात निघालेली होडी ट्रकवर घालून घेऊन आले. ज्या गावात नळाला पाणी आलं की बायका हातातली पोळी तव्यावर टाकून धावतात, त्या गावात! पुढची सहा वर्षं त्यांनी तिची एकेक सडकी फळी काढून नवी बसवली, डोलकाठी तासली, पॉलिशचे हात दिले. घर भुशानं भरलं. मी पापड लाटायचे तर पापडात भुसा. गल्लीतल्या बायका होडीच्या पाठीवर कुरडया वाळत घालायच्या आणि मला विचारायच्या, "काकू, जाणार कुठं हो ही?" मी काय सांगणार, कपाळ?

होडी आरशासारखी झाली आणि त्याच वर्षी यजमानांचे हात थरथरू लागले. चहाचा कप सांडू लागला. हातात रंधा धरवेना, तेव्हा त्यांनीच तिचे फोटो काढून विकायची जाहिरात दिली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण गिऱ्हाइकं कशी? एका मंगल कार्यालयाला तिच्यात जेवणाची भांडी मांडायची होती. दुसऱ्याला ती हॉटेलाच्या दारात उभी करायची होती, आत बसून लोकांनी फोटो काढावेत म्हणून. हे प्रत्येकाला एकच सांगायचे, "पान्यात सोडनार असाल तर बोला." जालन्यात! माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, अहो, आता तुमच्यानं रंधा धरवत नाही, ही आपल्या डोळ्यांदेखत गेलेली बरी. ते म्हणायचे, "माझ्या हातचं हे शेवटचं काम हाये. एकदा तरंगू दे, मंग मी काही मागनार न्हाई." त्याचाच मला जास्त राग यायचा.

उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन संभाजीनगरला झालं. महिनाभर ते लेकीकडे राहिले, मी आठ दिवसांत घरी परतले. निघताना त्यांनी बजावलं होतं की होडीवर रोज संध्याकाळी ओली गोणपाटं टाक, लाकूड तहानलं की सांधे उघडतात. रोज फोनवर पहिला प्रश्न तोच. मी रोज "हो" म्हणायचे आणि एकाही दिवशी पाणी टाकलं नाही. हौदात बोटभर पाणी, शेजारी दोन कळशा मागायला येतात, आणि मी लाकडाला पाणी पाजू? जालन्याच्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. पण खोटं बोलले ते बोललेच.

ते शनिवारी घरी आले, काठी टेकत थेट पत्र्याखाली गेले. फळ्याफळ्यांमधून पलीकडचं ऊन दिसत होतं. ते रागावले असते तर मी चार शब्द सुनावले असते. ते नुसते खुर्चीवर बसले आणि थरथरत्या बोटानं एक सांधा चाचपत राहिले. त्याच संध्याकाळी कोकणातल्या एका गृहस्थांचा फोन आला. तीन वर्षांत होडी समुद्रात सोडू म्हणणारा हा पहिला माणूस. गुरुवारी बघायला येतो, पसंत पडली तर लगेच नेतो, नाही तर दुसरी बघून ठेवली आहे, असं त्यांनी सांगितलं. होडी तीन-चार दिवस सतत ओली राहिली तर फळ्या फुगून सांधे मिटतील, असं हे म्हणाले. पण नळ येऊन दोनच दिवस झाले होते, आता आठवडाभर तरी तो येणार नव्हता, आणि टँकरवाल्यांना पिण्याच्या पाण्यातूनच फुरसत नव्हती.

म्हणून मी अंबडची एसटी धरली. देवीची टेकडी माशाच्या आकाराची आहे म्हणतात. मी गाभाऱ्यासमोर उभी राहून म्हणाले, माशाच्या पोटात बसलीस आणि तुला पाण्याची काही पडली नाही? दे की होडीपुरतं गोडं पाणी! माझ्या चुकीची शिक्षा त्यांच्या हातांना का? ओटी भरायची राहूनच गेली. पायरीवर बसून ढसाढसा रडले. शेजारी एक पागोटेवाले शेतकरी चपला घालत होते. त्यांनी विचारलं आणि मी अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं, खोट्यासकट.

त्यांना होडीचं काही कळलं नाही, पण सांध्यांचं बरोबर कळलं. "आमी उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक भिजत घालतो, तसंच की हे," ते म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "मावशी, पानी हाये माझ्या हिरीत. पन बिलकुल खारं. जनावरं तोंड लावीनात, पिकाला चालंना. गाव हसून राह्यलंय मला. तुमच्या लाकडाला चालतंय का बघा. उद्या ट्रॅक्टर जालन्याला न्यायचाच हाये, टाकी भरून आनतो."

त्यांनी पत्ता विचारून घेतला, तरी मला वाटलं, बोलून गेले असतील. सोमवारी सकाळी टाकीसकट ट्रॅक्टर दारात! यजमानांनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि इतक्या महिन्यांनी मोठ्यांदा हसले. "अगं, हे तर समुद्राचं!" त्या भल्या माणसानं सगळी पिंपं भरून दिली, चहा घेतला, पैशाला हात लावला नाही. पाणी एकदाचं कामी आलं, एवढंच म्हणून निघून गेला.

त्यानंतर तीन दिवस मी गोणपाटं भिजवली. आतून, बाहेरून, सकाळ, दुपार, संध्याकाळ. हे खुर्चीवरून हुकूम सोडायचे, मी चिडचिड करत वाकायचे. पहिल्या दिवशी ओतलेलं पाणी खालून धो धो गळालं. दुसऱ्या दिवशी टिपटिप. बुधवारी मी होडीखाली हात धरून बराच वेळ बसले, हात कोरडाच राहिला. तेव्हा मी यजमानांना म्हणाले, मी खोटं बोलत होते. ते म्हणाले, "ठावं व्हतं मला. फोनवर तू लई जल्दी हो म्हनायची."

गुरुवारी गृहस्थ आले, त्यांनी होडी वाकून पाहिली, थोपटली, आणि घेतली.

हा चमत्कार होता का, ते मला ठरवायचं नाही. एवढंच म्हणते की मी देवीकडे गोडं पाणी मागितलं होतं. ते मिळतं, तर कुणाच्या तरी हंड्यातलं कमी झालं असतं. तिनं कुणालाच नको असलेलं पाणी कुणालाच नको असलेल्या होडीकडे धाडलं. काय द्यायचं ते तिला कळतं, हे मान्य करायला मला भांडावं लागलं. राहिलेली ओटी मी पुढच्याच मंगळवारी भरली.

महिन्याभरानं कोकणातून व्हिडिओ आला, होडीत बसूनच काढलेला. भरलेलं शीड, तिरकी होऊन पळणारी होडी. यजमान शिडाकडे बघत होते आणि फोन त्यांच्या हातात थरथरत होता, म्हणून मी खालून माझा हात लावला. मी मात्र होडीच्या आतल्या तळाकडे बघत होते. तळ कोरडा होता.