आत्यासारखा गळा

मिमिक्री करणारा पोरगा म्हणल्यावर तुम्हाला वाटलं असेल, आता हा हसवणार. गुरुजींचा आवाज काढणार, एसटीच्या कंडक्टरचा काढणार. काढतो मी, चांगला काढतो. पण इथं ज्या बाईचा काढला ती रडण्यासाठी प्रसिद्ध आहे.

नाशकात गंगापूर रोडला एका ऑफिसात मी कामाला होतो. मराठी शिकणाऱ्या लोकांना आम्ही रोज सकाळी नऊला मोबाईलवर दोन मिनिटांचं बोलणं पाठवायचो. एक शब्द, त्याच्यामागची रीत, थोडा इतिहास. तीन महिन्यांत माझ्याजवळचं सगळं संपलं. अहिराणीतला 'आहे'साठीचा 'शे' झाला, कांद्याची चाळ झाली, पोळ्याच्या बैलांची शिंगंसुद्धा रंगवून झाली. मग मी दिसेल त्याला विचारत सुटलो. रिक्षावाल्याला म्हणलं, "काका, एखादा जुना शब्द द्या ना." ते म्हणाले, "उतर."

ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, "आवाज छान आहे रे तुझा, पण आत काही उरलं नाही. उद्याचं जमलं नाही तर मी दुसरा मुलगा बघते. पहिल्या पाच सेकंदांत माणूस थांबला पाहिजे."

आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावभर सांगून ठेवलेलं, पोरगा नाशकात भाषेचं काम करतो.

तेव्हा आत्या आठवली. आप्पांची बहीण, आमच्या देवळ्याकडची, दिलेली घोटीला. आमच्याकडे मयत झालं की बायका गळा काढतात. नुसतं रडत नाहीत, गेलेल्याचं सगळं आयुष्य चालीत सांगतात. आत्यासारखं कुणाला जमत नाही. ती घराजवळच्या वळणावरूनच सुरू करते, मग बाकीच्यांना रडू फुटतं. लहानपणापासून मी हे ऐकत आलोय. ठरलं. उद्याचा शब्द, गळा काढणे.

पण कुणासाठी काढायचा? खोट्या माणसाचं आयुष्य काही सुचेना. म्हणून आत्याचा खरा भाऊच घेतला. माझेच आप्पा.

"भाऊ रे माझ्या, बशीतला चहा तसाच ठेवून कुठं निघाला रे... तुझी टोपी खुंटीला रे, तुझी चप्पल दारात रे, कांद्याला पाणी कोण भरंल रे..."

रडणं आधी लावलं, समजावून सांगणं मागून. त्या पाच सेकंदांसाठी.

ऐकणाऱ्यांचा आकडा फुगावा म्हणून आमची अर्धी भावकी मी त्या यादीत घातली होती. त्यात चुलतभावाची आई, म्हणजे काकू. तिला वाचता येत नाही, नुसतं बटण दाबून ऐकते, आणि कधीच शेवटपर्यंत ऐकत नाही.

नऊला पाठवलं. दहाला चुलतभावाचा फोन. "निघ लवकर."

"काय झालं?"

"आप्पा गेले रे. घोटीपर्यंत कळलंय, आन् आपल्याला पत्ता नाय."

आप्पा पहाटेच ट्रॅक्टर घेऊन मार्केटला गेलेले. त्यांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

देवळ्याच्या गाडीत बसलो. सकाळी मी काय सुंदर रडलो होतो, चालीत, तालात. आता तोंड उघडलं तर नुसती हवा. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाळा, काही दुखतं का?" मी पुन्हा आप्पांचा नंबर लावला. टोपी डोळ्यापुढे, चप्पल डोळ्यापुढे. सकाळी जे जे बोललो ते एकेक खरं होऊन बसलेलं. पुढच्या सीटचा दांडा धरून मी देवाला म्हणलं, नोकरी घे, हा आवाज घे, फक्त त्यांचा फोन लागू दे. लावून लावून चांदवडला माझीच बॅटरी संपली.

घरी पोचलो तर दारात माणसं. भावकीतल्या सगळ्या चुली बंद. मयत उचलेपर्यंत आमच्यात चूल पेटत नाही. आणि ओट्यावर, माणसांच्या मधोमध, आप्पा पिठलं-भाकरी खात बसलेले. मार्केटहून उपाशी आले, घरात चूल थंड. पलीकडच्या आळीतल्या बाईनं दुखवट्याची भाकरी जरा घाईनं आणली होती, तीच.

मी पायरीवर बसलो आणि त्यांचा पाय धरला. सोडवेना.

"फोनचं चार्जिंग संपलं होतं," ते म्हणाले. "आधी पाणी पी." मग घास गिळून म्हणाले, "मी बशीत चहा पितो हे जगाला सांगायची काय गरज होती?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. काकूनं सुरुवातीचं रडणंच ऐकलं, आणि तिला तो आत्याचाच गळा वाटला. मी गाडीत असतानाच चुलतभावानं काकूचा मोबाईल घेऊन सगळं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

तेवढ्यात आत्या आली. 'भावाच्या मयताला निघाल्या का?' एवढा एक फोन तिला गेला होता. वळणावरून आवाज आला नाही. गप्प चालत आली, पदर तोंडात कोंबलेला. भावाच्या हातात भाकरी बघून होती तिथंच खाली बसली. कुणीतरी तिला काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "लाव ते."

पूर्ण ऐकलं तिनं. मग माझ्याकडे वळली.

"मुडद्या, घोटीपासून शब्द शोधत आले मी. भाऊ गेला म्हणल्यावर एक सुचला नाय. आन् तू इथं चालीत रडून बसलास. ती टोपी माझी होती, तो चहा माझा होता. भावाच्या वेळेसाठी राखून ठेवलं होतं मी ते. उद्या खरंच वेळ आली तर मी काय म्हणून रडू? लोक म्हणतील, मोबाईलवरचंच म्हणती बाई. लोकांना रोज शब्द वाटतोस ना तू? मग दे की मला दुसरे. दे, बसले हाय मी."