चौदा तास

दिल्ली विमानतळावर नागपूरच्या विमानाची वाट बघत बसलो होतो, तेव्हा माझ्या चुलतभावाचा, सुनीलदादाचा फोन आला. "काका गेले रे..." मग म्हणाला, "सकाळपासून घड्याळच पाहून राह्यले होते. मले म्हणे, चौदा त होऊन गेले न, कुठी अडकला हा?"

या गोष्टीला सहा आठवडे झाले. ते चौदा तास मीच बाबांना सांगितले होते.

बाबा यवतमाळच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. मुकुटबनला निघालेल्या म्हातारीला ते नुसती गाडीची वेळ सांगत नसत. उतरल्यावरची पायपीट, डोक्यावरचं ओझं, तिचे गुडघे, सगळं धरून सांगत. दारात चप्पल काढली की माणूस पोचला, हा त्यांचा हिशेब. मी नोकरीसाठी टोरांटोला निघालो तेव्हा साडेअकरा हजार किलोमीटर ऐकून त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि आई रडायला लागली. म्हणून मी टोरांटो ते दिल्ली विमान हवेत असतं तेवढेच तास सांगितले. चौदा. बाबा हसले. आईला म्हणाले, "म्हंजे पुण्याच्या गाडीएवढंच झालं. कायले रडून राह्यली तू?"

विमानतळावरचे आधीचे तास, दिल्लीतलं ताटकळणं, नागपूरचं विमान, तिथून यवतमाळ... दारापासून दारापर्यंत बत्तीस तास लागतात. पुढे सुट्टीवर येताना मी निघायची वेळ कधी सांगितलीच नाही. इतक्या वर्षांत चौदाचे बत्तीस करायला माझी जीभ रेटली नाही.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच नागपूरला हलवा. दादानं फोन बाबांच्या हातात दिला. मी म्हणालो, तिकीट मिळालं, निघतोय. "मंग तू आल्यावरच जाऊ नागपूरले," ते म्हणाले. "चौदा तासाची त गोष्ट आहे."

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "बरं, बाबा."

आई भेटायला येणाऱ्यांना सांगते, पोराला तिकीटच उशिरा मिळालं. मी परत निघताना तिनं दाराशी विचारलं, "किती लागते रे पोचायले?" खरं सांगितलं असतं तर बाबा कशापायी थांबले हे तिला त्याच क्षणी कळलं असतं. मी म्हणालो, "चौदा."

आईला आता अक्षरं दिसत नाहीत. रविवारची ही पुरवणी बाबा तिला चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवायचे, सावकाश, जाहिरातींसकट. दादा सांगतो, हल्ली पुरवणी घडीही न मोडता त्यांच्या खुर्चीवर पडून असते... हा लेखही तिथेच पडून राहील. म्हणूनच लिहिता आला.