चापाचं वजन

ज्वारी हुरड्यात आली की आमच्या केनवडच्या शेतात मी राखणीच्या उंच माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचो. दगड सुटला रे सुटला की मान उंचावून बघायचं, थवा उठला की नाही. ही सवय बाबांनी लावलेली. ती इतकी मुरली होती की रिसोडच्या कॉलेजात पहिल्यांदा एअर पिस्तूल हातात आलं, तेव्हा छर्रा नळीतून पुरता निघायच्या आतच माझी मान वर झालेली असायची. छर्रा कागदाच्या कडेला.

"काहून बे, पाखरं हाकलून राह्यला का तू?" खेळाचे सर ओरडले. पोरं हसली. त्या संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा बाबाही हसले.

सरांनी छर्रे काढून घेतले आणि मला कोऱ्या भिंतीसमोर उभं केलं. चाप ओढायचा नाही, म्हणाले. बोटाच्या पेरानं सरळ मागं दाबत न्यायचा, इतका हळू की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. नजर नळीच्या टोकावरच्या खुणेवर, माशीवर. सुटल्यावरही तिथंच. नळीच्या सपाट पाठीवर ते ज्वारीचा दाणा ठेवायचे. "हा पडला की पाखरं जिंकली."

कितीतरी महिने मी दाणाच उचलत होतो. तास संपले की भिंतीसमोर, घरी आलो की पाण्यानं भरलेली बाटली सरळ हातात धरून. हळूहळू दाणा पडेनासा झाला. चाप कुठं अडतो, कुठं सुटतो, हे बोटाला पाठ झालं. छर्रे परत मिळाले तेव्हा कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून पडू लागली.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. राज्य पातळीवर खेळलास तर सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येईल, असं सरांनी सांगितलं त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडलो. मनापासून पडलो. आजही तो दिवस मला खोटा ठरवता येत नाही, हेच जास्त खुपतं.

कॉलेजात पिस्तूल एकच होतं. ते आमच्या संस्थाचालकांनी दिलेलं. त्यांचा पुतण्याही नेमबाजीत होता. भिंतीसमोर उभं राहायचा त्याला कंटाळा. चाप फार जड आहे, ही त्याची कायमची तक्रार. चाप हलका-जड करायचा स्क्रू फिरवायची बारीक चावी सरांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायची. दुसरी नव्हती.

विभागाच्या निवड चाचणीला आम्ही दोघं त्याच पिस्तुलानं उतरणार होतो, आधी तो, मग मी. सकाळी पंचांनी चापाला अर्ध्या किलोचं वजन टांगून बघितलं. तेवढं वजन चापानं पेललंच पाहिजे, नाहीतर खेळाडू बाद. चापानं पेललं.

माझी पाळी आली. सरावाच्या पहिल्याच छर्ऱ्याला बोट टेकलं आणि पिस्तूल सुटलं. पुन्हा तसंच. परवानगी घेऊन रेषेमागं सरांकडे गेलो.

"सर, चाप हलका झाला."

"तुले भास होऊन राह्यला. घाबरला तू. जा, मार."

बोट एक सांगत होतं, सर दुसरं. मी सरांचं ऐकलं. बोट आणखी हलकं ठेवलं, नजर माशीवरून हलू दिली नाही, आणि त्या दिवशी जसा खेळलो तसा आधी कधी खेळलो नव्हतो. माझं नाव निवडीत बसत होतं. मग पंचांनी मधूनच काही पिस्तुलं पुन्हा तपासायला घेतली. त्यात माझं निघालं. वजन टांगलं. खट्. मी बाद. पुतण्याच्या पाळीनंतर तपासणी झालीच नव्हती. तो निवडला गेला.

मी सरांकडे बघितलं. ते खिशातलं किल्ल्यांचं जुडगं चाचपत होते.

परत येताना जीपमध्ये ते माझ्या शेजारी बसले. हळूच म्हणाले, "तू समजदार आहेस. पिस्तूल कोणी दिलं, मालूम आहे ना? त्याईनं दिलं नसतं तर तू कशावर शिकला असता?"

शिकवलं सरांनी, पिस्तूल दिलं संस्थाचालकांनी. मी मान डोलावली.

घरी बाबा ओसरीवर बसले होते. "काय झालं बापू?"

"बाद केलं, बाबा."

"नेम हुकला काय?"

"नाही. सरांनी चाप हलका केला. त्या दुसऱ्या पोरासाठी. अन् परत पहिल्यासारखा केलाच नाही."

बाबांना स्क्रू समजला, चावी समजली. पण ते मान हलवत राहिले. "सर असं कायले करतीन? त्याईनंच तर तुले शिकवलं." थोड्या वेळानं खाली बघत म्हणाले, "तू मान वर केली असशीन. म्याच लावली तुले ते खोड."

मी पुन्हा सांगितलं. नंतरही कितीदा सांगितलं. ते ऐकून घेतात, वाद घालत नाहीत, आणि त्यांना पटत नाही. शिकवणारा माणूस असं करेल, यापेक्षा आपलीच चूक झाली असेल, हे त्यांना सोपं जातं.

आता मी कामरगावला एका शिकवणी वर्गात शिकवतो. यंदा ज्वारी हुरड्यात आली तेव्हा सुट्टी काढून घरी गेलो आणि माळ्यावर चढायला शेतात आलो. मान वर करायला शिकवणारी ती गोफण घरी खुंटीवर नव्हती, माळ्यावरही नव्हती. बाबांनी शेताच्या मधोमध काठीला पत्र्याचा डबा बांधला होता, आणि दोरी धरून ते शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसले होते. पाखरं उतरली की दोरी ओढत होते.