पंखा न लागणारं गाव

बेंगळुरूत पंखा लागत नाही, हे विठोजीरावांचं ठाम मत होतं आणि त्यावर त्यांनी अख्खा जन्म काढला. गंमत अशी की त्यांचं पोट मात्र पंख्यांवरच चालायचं. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका लहानशा कारखान्यात छताचे पंखे बनायचे आणि तिथं विठोजीराव तीसेक वर्षं पात्यांचा तोल साधायचं काम करत होते. पंखा फिरताना जरा डुलला, कुरकुरला, की पात्यावर इवलंसं वजन बसवायचं, तो गप्प होईपर्यंत. त्यांच्या हातून गेलेला पंखा पुन्हा म्हणून बोलायचा नाही. हे मुके पंखे नागपूरला, विजयवाड्याला, रायचूरला जायचे. "पाप, बिचारी तिथली माणसं," असं म्हणून विठोजीराव हळहळायचे.

घर बांधताना गवंड्यानं पंख्यासाठी हुक ठेवू का विचारलं, तेव्हा ते त्याच्या अंगावर धावून गेले होते. सगळ्या घरात छताला कडी काय ती एकच, मधल्या खोलीत, पाळण्यासाठी. आपले पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडं आले आणि राहिले ते निव्वळ हवेपायी, असं ते सांगत. ते लढाईसाठी आले होते, असं कुणी सुचवलंच, तर "लढाई संपल्यावर परत का गेले नाहीत मग?" असं विचारून समोरच्याला गार करत. गार करायला निदान तेवढं तरी उरलं होतं. कारण नव्वद साल उलटलं, झाडं गेली, गाड्या आल्या आणि एप्रिलात गावाला घाम फुटू लागला. पेपरात पारा चौतीसवर दिसला की विठोजीराव ती छापखान्याची चूक ठरवायचे आणि बिनबाह्यांचा स्वेटर चढवून ओसरीवर बसायचे.

अशात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, स्मृतीचं लग्न ठरलं. मुलगा अजित, नागपूरचा, इथं संगणकाच्या कंपनीत. पोरगा सोन्यासारखा, पण कंपनीनं त्याला पुण्याच्या शाखेत जायचं का इथंच राहायचं, ते विचारलं होतं. आई आता त्याच्याजवळच राहणार होती, म्हणून तो म्हणाला, "आईला जिथे करमेल तिथे घर घेऊ." झालं! लेक हाकेच्या अंतरावर राहणार की पुण्याला जाणार, हे सगळं विहीणबाईंवर येऊन ठेपलं. स्मृतीशिवाय हे घर म्हणजे काय, ते विठोजीरावांना नुसतं मनातही आणवेना.

अजित मित्रांबरोबर एका खोलीत राहायचा, त्यामुळं आई, मालनबाई, उतरल्या विठोजीरावांकडे. ऐन एप्रिलात. विठोजीरावांनी जय्यत तयारी केली. पलंगावर दोन ब्लँकेटं. माठ माळ्यावर. बायकोला, रत्नाबाईंना, शाल. शेजारच्या नरसिंहरावांना गळ घालून सकाळी कानटोपी घालून दारावरून फेऱ्या मारायला लावलं. घामानं निथळत ते बिचारे दर फेरीला "काय थंडी ओ!" असं ओरडायचे आणि कोपऱ्यावर जाऊन टोपी पिळायचे.

खरं तर यातल्या कशाचीही गरज नव्हती. मालनबाई पंचेचाळीस डिग्रीतून आल्या होत्या. रिक्षातून उतरल्याबरोबर त्यांनी पदर कानावर घेतला. "बाप्पा! काय गारवा आहे जी इथे!" म्हणाल्या आणि दोन्ही ब्लँकेटं मागून घेतली. विठोजीराव बायकोकडं बघून असे हसले, जणू गाव त्यांनीच वसवलं होतं.

पण दुपारी घोड्यानं पेंड खाल्ली. जेवणं झाली, मालनबाई मधल्या खोलीत आडव्या झाल्या आणि डोळे टक्क उघडे ठेवून छताकडं बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा ओढला, चहात साखर कमी वाटू लागली, आणि संध्याकाळी त्यांनी अजितला सांगून टाकलं, "गाव लाख चांगलं आहे रे. पण मला झोपच नाही येऊन राहिली. घरी कसा कूलर घरघरते, वर पंखा खडखडते. इथे कान रिकामेच राहून जातात. आपण पुण्यालाच जाऊ."

थंडीवर उपाय होता, उकाड्यावर होता, शांततेवर काय करायचं? विठोजीरावांनी हार मानली नाही. इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर दुपारी चालू ठेवायचा हुकूम सुटला. मालनबाई क्षणात घोरू लागल्या. पण ग्राइंडर रिकामा फिरवता येईना आणि थांबवला की त्या ताडकन उठून बसत. त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक घरी इडल्या गेल्या. गल्लीतली गायसुद्धा इडली बघून तोंड फिरवू लागली. शेवटी पिठानं आणि घामानं माखलेल्या रत्नाबाई बाहेर आल्या आणि त्या घरात कधी न उच्चारलेला शब्द बोलल्या.

"अहो, पंखा आणा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांची तोंडं इडल्यांनी भरली आहेत. आणा."

विठोजीरावांनी रात्रभर तळमळून स्वाभिमानाला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून पंखा आणला, गोणपाटात गुंडाळून. लावायचा कुठं? कडी एकच. जिथं स्मृतीचा पाळणा हलला, तिथं पंखा चढला. बटण दाबलं. पंखा फिरला, पण हूं नाही की चूं नाही. स्वतः विठोजीरावांनीच तोललेला तो!

मालनबाई ब्लँकेटातून म्हणाल्या, "चालू आहे का जी?"

आता मात्र विठोजीरावांना रडू कोसळायचं बाकी राहिलं. ज्या हातांनी जन्मभर पंखे गप्प केले, त्याच हातांनी एकाला बोलकं करायचं होतं. ते स्टुलावर चढले, एका पात्याला मुद्दाम लोखंडी चकती बांधली, वरच्या वाटीचा स्क्रू सैल केला आणि डोळे मिटून म्हणाले, "लाव ग स्मृती."

"खर्रर-खट्! खर्रर-खट्!"

"अण्णा, पडेल तो!" स्मृती ओरडली.

"स्वल्प, जरा गप बस. पडला तर मी झेलतो."

आणि खरंच, मालनबाई दुपारभर घोरत होत्या आणि विठोजीराव स्वेटर घालून, दोन्ही हात वर धरून त्यांच्या उशाशी उभे होते. त्यांचं काळीज प्रत्येक खट् ला चिरत होतं. चहाच्या वेळी अजित आला, तेव्हा मालनबाई उठल्या, मनसोक्त आळस दिला आणि म्हणाल्या, "अजित, इथलं येलहंक्याचं तू म्हणत होतास ते घर बघून येऊ ना. विठोजीराव, पंखे मात्र तुम्हीच लावून द्यायचे. अस्सेच."

"सरी, सरी, अस्सेच लावतो," विठोजीराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. लेक गावातच राहणार होती.

मायलेक आणि स्मृती घर बघायला गेली आणि विठोजीरावांनी पुन्हा स्टूल ओढलं. काम झालं होतं. कुणी शेजाऱ्यानं बघायच्या आत पंखा उतरवायला हवा होता. बटण बंद करायला हात पुढं केला, तर खाली चटईवर रत्नाबाई. शाल भिरकावलेली, केस मोकळे सोडलेले, डोळे मिटलेले. इतक्या निवांत त्यांनी बायकोला किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आवाज तेवढा बंद करा," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "वारा राहू दे."

विठोजीरावांनी बटणावरचा हात मागं घेतला. "तुला उकडत होतं?"

"लग्न करून आले तेव्हापासून. स्वयंपाकघरात कधी बसलाय तुम्ही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही स्वेटर घालून बसला होता की."

विठोजीरावांनी पंखा थांबवला, स्टुलावर चढून चकती सोडली, स्क्रू आवळला. तोल पुन्हा एकदा तपासून पाहिला. खाली उतरून बटण दाबलं. पंखा न बोलता फिरू लागला. रत्नाबाईंच्या कपाळावरची बट हलली, तेवढ्यावरूनच तो चालू असल्याचं कळत होतं.

मग त्यांनी स्वेटर काढून त्याची उशी केली आणि चटईच्या कडेला अंग टाकलं. रत्नाबाईंनी थोडं सरकून जागा दिली.